न्हाणीघराचा आराखडा

पुण्याहून पाषाणमार्गे पुढे गेले, की मुळशी तालुक्यातील सूस हे गाव लागते. २०२१ साली ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. अशा वाढत्या गावांत जुनी घरे पाडून नवी बांधली जातात, आणि पूर्वी परसात असणारी न्हाणी घरात, चार भिंतींच्या आत येते. समजा, अशा एका घरातील न्हाणीघर नव्याने करावयाचे आहे. लांबी २.१ मीटर, रुंदी १.५ मीटर, उंची २.४ मीटर. घरात पंचाहत्तर वर्षांची आजी, घाईने कामावर जाणारे आईवडील आणि शाळकरी मुले आहेत. फरशीचा रंग निवडण्यापूर्वी त्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे शोधली पाहिजेत.

पहिला प्रश्न : पाणी कोठे जाईल?

पाणी उताराकडे वाहते, हे आपण जाणतोच. पण उतार किती हवा? दर मीटरला दीड सेंटिमीटर धरा. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत २.१ मीटर अंतर आहे. म्हणजे भिंतीजवळची जाळी दारापेक्षा सुमारे ३ सेंटिमीटर खाली हवी. हे मोजण्यासाठी गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतो. नळीत हवेचा बुडबुडा नसेल, तर तिच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीत राहते. तुम्ही वर्गात शिकलेला जोडपात्रांचा नियम तो हाच!

दुसरा प्रश्न : पाय कोठे पडेल?

दुकानातून फरशीचे दोन नमुने आणा. एक गुळगुळीत, एक खरखरीत. फरशीवर रबरी चपलेचा तुकडा ठेवा, त्यावर एखादे वजन ठेवा आणि फरशीची एक बाजू हळूहळू उचला. तुकडा घसरू लागताच उचललेल्या कडेची उंची आणि तिच्याखालील आडवे अंतर मोजा. उंचीला या अंतराने भागले, की घर्षणगुणांक मिळतो. आता हाच प्रयोग साबणाचे पाणी ओतून करा. दोन्ही फरशांची उत्तरे ताडून पाहा, म्हणजे आजीसाठी कोणती फरशी घ्यावी हे कोणी सांगावे लागणार नाही. भिंतीत घट्ट बसवलेला आडवा दांडाही हवा. दार मात्र बाहेर उघडणारे असावे. आत पडलेल्या माणसाच्या अंगाने आत उघडणारे दार अडते आणि मदत करणाऱ्याला शिरता येत नाही.

तिसरा प्रश्न : हवा कोठून येईल?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच विसरला जातो. गॅसवर चालणारा गिझर मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंश सेल्सियसने तापवतो असे धरू. त्यासाठी मिनिटाला ६ × ४.२ × २५ = ६३० किलोजूल उष्णता लागते. काही उष्णता वाया जाते हे धरून, दहा मिनिटांच्या स्नानात सुमारे १६० ग्रॅम गॅस जळतो. तेवढा गॅस पूर्ण जळण्यास जवळजवळ २ घनमीटर हवा लागते. आपल्या न्हाणीघरात हवा किती? २.१ × १.५ × २.४, म्हणजे सुमारे साडेसात घनमीटर. दारे-खिडक्या बंद असतील, तर एकाच स्नानात चौथ्या हिश्शाहून अधिक हवेतला प्राणवायू संपतो. मागोमाग दुसरा माणूस आत गेला, तर आणखी!

प्राणवायू कमी पडला, की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बांधला जातो. डोके जड होते, चक्कर येते, आणि दार उघडण्याचे भान येण्यापूर्वीच शुद्ध हरपते. या कारणाने बंद न्हाणीघरांत माणसे दगावली आहेत. परसातला बंब उघड्यावर पेटत असे, म्हणून त्याचा धूर निघून जाई. तीच युक्ती येथेही करा. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आत फक्त गरम पाण्याचा नळ आणा. शिवाय न्हाणीघराला उघडी राहणारी झडप ठेवाच.

आता कागद घ्या आणि १ : २० या प्रमाणात आराखडा काढा. तुमचे न्हाणीघर १०.५ × ७.५ सेंटिमीटरच्या चौकटीत बसेल. त्यात जाळी, दांडा, दार आणि झडप यांच्या जागा दाखवा. हा कागद गवंड्याच्या हाती द्या, आणि मगच फरशीच्या रंगाविषयी घरात खुशाल वाद घाला.