पदविकेपासून पदवीपर्यंत : बेहालाहून जादवपूरकडे

कोलकात्याच्या दक्षिणेस डायमंड हार्बर मार्गालगत वसलेले बेहाला हे मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांचे दाट उपनगर आहे. बेहाला महाविद्यालय, सरसुना महाविद्यालय, ठाकुरपुकुरचे विवेकानंद महाविद्यालय या कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न संस्था याच परिसरातील. टॉलीगंज ओलांडले की जादवपूर विद्यापीठ लागते. अंतर अल्प असले तरी परिसरातील सामान्य महाविद्यालयात एकदा नाव नोंदविलेल्या विद्यार्थ्याला तेथे मधूनच प्रवेश मिळणे जवळजवळ अशक्य असते.

अमेरिकेत हा मार्ग जुना आहे. तेथील जोलिएट ज्युनियर कॉलेज 1901 मध्ये सुरू झाले. (आपल्याकडील अकरावी-बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयाशी त्याचा घोळ करू नये.) 1960 च्या कॅलिफोर्निया आराखड्याने तर अशा महाविद्यालयांत दोन वर्षे पूर्ण करणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या विद्यापीठांत तिसऱ्या वर्षाची दारे धोरण म्हणून उघडली. भारतात त्याच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था म्हणजे तंत्रनिकेतनातील पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात मिळणारा प्रवेश होय.

यातील हिशेब पालकांनी नीट समजून घ्यावा. दहावीनंतर पदविकेची तीन वर्षे आणि पदवीची उरलेली तीन, अशी एकूण सहा वर्षे होतात. अकरावी-बारावीची दोन व पदवीची चार धरली तरी बेरीज सहाच येते. म्हणजे या मार्गाने एकही वर्ष वाया जात नाही. उलट, घरची परिस्थिती बिघडल्यास तिसऱ्या वर्षाअखेर नोकरी मिळवून देणारी पदविका हाती असते. मिळकत अनिश्चित असलेल्या कुटुंबाला ही सोय किती मोलाची आहे, हे वेगळे सांगावयास नको. गणितासह बी.एस्सी. झालेल्यांनाही हा मार्ग खुला आहे. मात्र त्यांची दोन वर्षे अधिक जातात.

महाराष्ट्रात हा प्रवेश पदविकेच्या गुणांवर, केंद्रीभूत प्रवेशफेऱ्यांतून होतो. पश्चिम बंगालमध्ये मात्र राज्याच्या संयुक्त प्रवेश परीक्षा मंडळाची 'जेलेट' ही स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. परीक्षेमुळे वेगवेगळ्या तंत्रनिकेतनांच्या गुणदानातील तफावत पुसली जाते, ही जमेची बाजू. परंतु अंतिम वर्षाचा प्रकल्प सांभाळून पहिल्या वर्षाचे गणित पुन्हा गिरवावे लागते, आणि शिकवणीवर्गाचा खर्च न झेपणारा विद्यार्थी येथेच मागे पडतो. जादवपूरसारख्या शासकीय अनुदानित विद्यापीठात शुल्क अत्यल्प असल्याने तेथील मोजक्या जागांसाठी चुरस तीव्र असते. हेच विद्यापीठ 1906 च्या स्वदेशी चळवळीत उभ्या राहिलेल्या तंत्रशिक्षण संस्थेतून वाढले आणि 1955 मध्ये विद्यापीठ झाले, हे येथे आवर्जून आठवते.

कला-वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला असा मार्ग नाही. त्याने पदवी पूर्ण करून पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचीच तयारी करावी, हे अधिक व्यवहार्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये श्रेयांक पेढीचे विनियम काढले. त्यामुळे एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक दुसरीकडे नेता येतात. पदवी देणाऱ्या संस्थेत मात्र किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. पण खात्यावर श्रेयांक जमा असणे आणि वर्गात जागा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रिक्त जागा किती व कोणत्या कसोटीवर भरावयाच्या, हे स्वीकारणारी संस्थाच ठरविते. जागांची निश्चित संख्या जाहीर झाल्याविना ही पेढी बेहालाच्या विद्यार्थ्याला फारसे काही देऊ शकणार नाही, असे आमचे मत आहे.

प्रवेश मिळाला तरी अडचण संपत नाही. पदविकेत कार्यशाळा व यंत्रांचा सराव भरपूर होतो, गणिताची सैद्धांतिक बाजू तुलनेने हलकी राहते. आणि तिसऱ्या सत्रापासून वर्गमित्रांनी आधीच्या वर्षी शिकलेले कलन व रेषीय बीजगणित गृहीत धरले जाते. प्रवेशफेऱ्या लांबल्या तर सुरुवातीचे काही आठवडेही बुडतात. म्हणून निकालाची वाट न पाहता, परीक्षा संपताच पदवीच्या प्रथम वर्षाचे गणिताचे पुस्तक ग्रंथालयातून आणून सोडवावयास घ्यावे.