चार गिटारी, तरी पाचवीची ओढ

प्रश्न : घरात चार गिटारी आहेत, तरी नवी दिसली की घ्यावीशी वाटते. काय करावे?
– एक वाचक, चामटोली

उत्तर : या खाजेला ‘जी.ए.एस.’ (गिटार अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम) असे नावच आहे. स्टीली डॅन बँडच्या वॉल्टर बेकरने १९९०च्या दशकात त्यावर खुसखुशीत लेखही लिहिला होता.

तुमच्या बदलापूर पट्ट्यात मात्र खरा हिशेब पावसाळ्याचा. लाकडी गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. उल्हास नदीकाठची जुलैतली हवा त्याहून कितीतरी दमट. लाकूड फुगते, तारा गंजतात, आणि चार वाद्ये म्हणजे देखभालही चौपट. पाचवीच्या पैशात जुन्यांच्या तारा आणि सेटअप सहज होतो. हवा असलेला ‘नवा आवाज’ बहुतेकदा तिथेच सापडतो.

तरीही राहवले नाही, तर लोकलने मुंबईतला धोबी तलाव गाठावा आणि १८६५पासूनच्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात मनसोक्त वाजवून यावे. पाकीट घरी ठेवून.