वार्धक्यातील स्त्रीरोग आणि लहान छेदाची शस्त्रक्रिया

गावातील एखादी सत्तरीची आजी हळूहळू चारचौघींत बसेनाशी होते. लग्नकार्य, कीर्तन, एस.टी.चा प्रवास ती टाळू लागते. खोकला आला, हंडा उचलला की खाली जडपणा जाणवतो, काहीतरी बाहेर आल्यासारखे वाटते. लघवी अडते किंवा नकळत होते. घरच्या सुनेलाही ती हे सांगत नाही. 'अंग बाहेर येणे' या नावाने आपल्याकडे परिचित असलेला हा विकार म्हणजे गर्भाशयभ्रंश. अनेक बाळंतपणे, जन्मभराची कष्टाची कामे, जुनाट खोकला व मलावरोध यांमुळे गर्भाशयाला आधार देणारे स्नायू व बंध सैल होतात आणि पाळी गेल्यानंतर ते अधिकच दुबळे होतात.

दुखणे उघड झाले तरी 'आता या वयात चिरफाड कशाला?' या एका प्रश्नाने पुष्कळदा उपचाराची वाट बंद होते. या प्रश्नाचे वैद्यकशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. केवळ वय हे शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नव्हे. रुग्णाचे हृदय, फुप्फुसे व मूत्रपिंडे कशी आहेत, ती घरात हिंडतीफिरती आहे काय आणि तिला त्रास किती आहे, यांवर निर्णय अवलंबून असतो.

मोठा छेद का टाळावयाचा?

पोटावर मोठा छेद घेतला की वेदनेमुळे वृद्ध रुग्णास खोल श्वास घेता येत नाही, खोकता येत नाही. कफ साचून न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. अंथरुणावर पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. स्नायूंची शक्ती झपाट्याने घटते. तरुण स्त्री ही झीज भरून काढते. वृद्ध स्त्री पुन्हा पूर्ववत चालू लागेलच असे नाही. म्हणून तिला दुसऱ्या दिवशी आपल्या पायांवर उभे करील अशी शस्त्रक्रिया निवडणे, हे या वयातील उपचाराचे मुख्य सूत्र होय.

दोन मार्ग

पहिला मार्ग योनिमार्गाचा. यात पोटावर छेदच नसतो. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करता येतो. त्यामुळे पूर्ण भूल देण्याची गरज बहुधा पडत नाही. गर्भाशय काढून सैल भागास टाके घालणे ही त्यातील रूढ पद्धत आहे. फ्रान्समधील लेओं ल फोर यांनी १८७७ मध्ये वर्णिलेली, योनिमार्ग अंशतः शिवून टाकण्याची छोटी शस्त्रक्रिया अतिवृद्ध व दुर्बल स्त्रियांना आजही उपयुक्त ठरते. मात्र त्यानंतर पतिपत्नीसंबंध शक्य नसल्याने त्या स्त्रीशी आधी मोकळेपणाने बोलून तिची स्वतःची संमती घेणे अत्यावश्यक आहे. मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांच्यासारख्या शल्यविशारदांनी गर्भाशय न काढता तो वर बांधण्याच्या पद्धती विकसित केल्या. त्या मुख्यतः मूल हवे असणाऱ्या तरुण स्त्रियांसाठी होत्या. वार्धक्यातील प्रश्न वेगळा आहे.

दुसरा मार्ग दुर्बिणीचा. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे 'दुर्बिणीची शस्त्रक्रिया' हा शब्द आपल्या खेड्यांत पूर्वीच पोहोचला आहे. पॅरिसचे राऊल पामर यांनी १९४० च्या दशकात स्त्रीरोगांसाठी ही पद्धत वाढविली आणि अमेरिकेत हॅरी राइश यांनी १९८८ मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने गर्भाशय काढला. पोटात कर्बद्विप्राणिद वायू भरून सुमारे ५ ते १० मिलिमीटरच्या छिद्रांतून उपकरणे आत घालतात.

मर्यादाही जाणाव्यात

लहान छेद म्हणजे लहान शस्त्रक्रिया, असा समज करून घेऊ नये. पोटातील वायूचा दाब व डोके खाली केलेली स्थिती यांमुळे वृद्ध हृदयावर व फुप्फुसांवर ताण पडतो. म्हणून दाब शक्य तितका कमी ठेवावा लागतो आणि अनुभवी भूलतज्ज्ञ असावा लागतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, दुर्बिणीने मूलगामी शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रियांपेक्षा पोट उघडून शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रिया अधिक संख्येने जगल्या, असे दिसून आले. गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगात मात्र दुर्बीण उपयुक्त ठरली आहे. रोगागणिक मार्ग बदलतो. शिवाय प्रत्येक रुग्णास शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. योनिमार्गात बसविण्याच्या रबरी वा सिलिकॉनच्या कड्यानेही कित्येकींना आराम पडतो.

पूर्वतयारी व शुश्रूषा

रक्तक्षय, मधुमेह व रक्तदाब आधी आटोक्यात आणावेत. चालू असलेली सर्व औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी, डॉक्टरांना दाखवावीत. शस्त्रक्रियेनंतर काही वृद्धांना भ्रम होतो. अशा वेळी ओळखीचे माणूस जवळ असणे, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी असणे आणि रात्री शांत झोप मिळणे, यांची मोठी मदत होते.

गावाचे कर्तव्य

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे गर्भाशय अकारण काढले गेल्याच्या तक्रारींवरून राज्य शासनाने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली होती. तरुणपणी नको ती शस्त्रक्रिया आणि म्हातारपणी हवी ती नाही, ही विसंगती दूर झाली पाहिजे. ग्रामसभेत व महिला सभेत आरोग्यसेविकेकडून हा विषय मांडावा. शिक्षकांनी पालकसभेत त्याचा उल्लेख करण्यास संकोचू नये. पाळी जाऊन वर्ष लोटल्यानंतर एकदाही रक्तस्राव झाला, तर तो कर्करोगाचा इशारा असू शकतो व तपासणी लांबवू नये, ही गोष्ट घरोघरी पोहोचावी. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता समाविष्ट केले आहे. आपल्या जिल्ह्यात कोणत्या रुग्णालयात कोणते उपचार त्यात मिळतात, याची माहिती ग्रामपंचायतीने मिळवून फलकावर लावावी.

जिने उभे आयुष्य घरासाठी झिजविले, तिने उतारवयात लाजेने कोपऱ्यात बसून राहावे, हे आपल्या गावाला शोभणारे नाही. तिचे दुखणे बरे होण्यासारखे आहे, एवढे तिला सांगणे हीच उपचाराची पहिली पायरी होय.