एकच विंडो बंद करा, पूर्ण दुकान नाही! (लिनक्स कमांड)



व्हिडिओमध्ये कमांड पटकन निघून जाते, म्हणून इथे सावकाश सांगतो. कमांडची अक्षरं मी बोलतो तशी लिहिली आहेत, टाइप मात्र इंग्रजीतच करायची.

आधी माझीच चूक सांगतो. फॉर्म भरायची शेवटची तारीख, दुकानात गर्दी. लिबरऑफिसमध्ये पाच फाइल उघड्या होत्या: चार ग्राहकांचे अर्ज आणि एक माझं कोटेशन. कोटेशनची फाइल बंद करायची होती. मी घाईत टर्मिनलमध्ये 'किलऑल मायनस नाइन' मारलं आणि पाचही फाइल गेल्या! सेलूवरून आलेल्या काकांचा अर्ज सेव्हच केला नव्हता. पुन्हा टाइप करून दिला, पैसे घेतले नाही. पण तेवढ्यात त्यांची बस गेली.

असं का झालं? लिबरऑफिसच्या सगळ्या विंडो एकाच प्रोसेसमध्ये चालतात. 'किल' प्रोसेसला मारतो, विंडोला नाही. आणि 'मायनस नाइन' तर सेव्ह करायची संधीसुद्धा देत नाही.

मग एकच विंडो कशी बंद करायची?

१. टूल टाका: 'सुडो एपीटी इन्स्टॉल', पुढे डब्ल्यू-एम-सी-टी-आर-एल. उबंटू आणि मिंटवर हेच चालते.

२. यादी पाहा: त्याच नावापुढे 'मायनस एल' लिहा. प्रत्येक उघडी विंडो एका ओळीत दिसते. सुरुवातीला 'शून्य-एक्स'वाला नंबर, शेवटी विंडोचं नाव.

३. बंद करा: 'मायनस सी' आणि पुढे अवतरणात नावाचा थोडा भाग. फाइल सेव्ह नसेल तर लिबरऑफिस आधी विचारते. हाच खरा फायदा.

इथे फसू नका

नावाचा भाग जुळणारी पहिलीच विंडो बंद होते. 'अर्ज' नावाच्या तीन फाइल असतील तर भलतीच जाईल. अशा वेळी 'मायनस आय सी' लिहून तो नंबर द्या. ब्राउझरची विंडो बंद केली तर तिच्यातले सगळे टॅब जातात, हेही लक्षात ठेवा.

विंडो पूर्ण अडकली असेल तर ती ही विनंती ऐकणार नाही. तेव्हा 'एक्सकिल' आहे, पण त्याने त्या प्रोग्रामच्या बाकी विंडोही जाऊ शकतात. आधी इतर फाइल सेव्ह करा.

आणखी एक: हे टूल एक्स-इलेव्हनवर नीट चालते. वेलँडवर बऱ्याच विंडो यादीत दिसतच नाहीत. मिंट सिनॅमन नेहमीच्या सेटिंगमध्ये एक्स-इलेव्हनवरच असते.

धंद्याची गोष्ट

त्या दिवसापासून माझा नियम: फाइलच्या नावात ग्राहकाचं नाव आणि तारीख. काम झालं, प्रिंट दिली, की त्याच ग्राहकाची विंडो बंद. पुढच्या माणसाला आधीच्याचं आधार कार्ड स्क्रीनवर दिसायला नको ना! ग्राहक कागद नाही, भरवसा देऊन जातो.

आजचा गृहपाठ: तीन रिकाम्या फाइल वेगवेगळ्या नावाने सेव्ह करून उघडा आणि फक्त मधली बंद करून दाखवा. ग्राहकाच्या फाइलवर प्रयोग नको, बरं का!

भेटू पुढच्या व्हिडिओत.