घरखरेदी आणि मुद्रांकशुल्क

‘घर पाहावे बांधून’ अशी म्हण आपल्याकडे आहे. बांधलेले घर विकत घेणाऱ्यासही तिचा प्रत्यय येतो. आमच्या वडीलधाऱ्यांनी बडोद्यात घर घेतले, तेव्हा किमतीची तजवीज झाली होती. सरकारी शुल्काची मात्र नव्हती. अखेर आजीच्या पाटल्या मोडाव्या लागल्या. तेव्हापासून हा हिशेब आम्ही नीट शिकून घेतला.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच पुरी होते. नुसती रक्कम देऊन मालकी मिळत नाही. गुजरातेत मूळ मुद्रांकशुल्क शेकडा ३.५ असून त्या शुल्कावर शेकडा ४० अधिभार आहे. म्हणजे एकूण शेकडा ४.९. नोंदणी फी शेकडा १ निराळी. केवळ स्त्रीच्या नावे खरेदी असल्यास ही फी माफ आहे.

३० लाखांच्या घराचे उदाहरण घेऊ. शुल्क १,४७,००० व फी ३०,००० मिळून १,७७,००० रुपये होतात. सरकारी जंत्रीप्रमाणे त्याच घराची किंमत ३२ लाख भरली, तर ती अधिक किंमत धरून शुल्कच १,५६,८०० होईल. बँकेचे कर्ज सामान्यतः घराच्या किमतीपुरते असते. हा खर्च पदरचा करावा लागतो.

म्हणून विसार देण्यापूर्वी जंत्री पाहावी, चालू दर नोंदणी कचेरीत विचारावा आणि तेवढी रक्कम बाजूस काढावी. आजीच्या पाटल्या पुन्हा झाल्या नाहीत. आमच्या वाचकांच्या घरी तरी तशी वेळ न येवो.