आर्मला तेल घालण्यापूर्वी

रेकॉर्ड प्लेअरची थाळी ज्या दांड्यावर फिरते त्याच्या बेअरिंगला वर्षा-दोन वर्षांनी तेलाचे दोन-चार थेंब द्यावेत, हा शिरस्ता मी निष्ठेने पाळीत आलो. आणि जे दांड्याला हितकर ते सुई धारण करणाऱ्या आर्मलाही हितकर असणारच, अशा समजुतीने एका उन्हाळ्यात मी आर्मच्या चारही बेअरिंगांत शिवणयंत्राचे तेल सोडले. पावसाळा सरतासरता किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकताना डाव्या बाजूचा आवाज फाटू लागला, आणि एके रात्री सुई मागच्याच खाचेत परतून तीच तान पुनःपुन्हा ऐकवू लागली.

कारण उमगले ते फार उशिरा. थाळीचा दांडा किलोभराहून अधिक वजन पेलीत मिनिटास 33⅓ फेरे घेतो, त्याला तेल अत्यावश्यकच; आर्म मात्र एका बाजूच्या वीस-बावीस मिनिटांत जेमतेम आठ-साडेआठ सेंटिमीटर आत सरकतो, आणि तेही दीड-दोन ग्रॅम भाराच्या सुईला खाचेची भिंत जो अल्पसा रेटा देते तेवढ्याच बळावर. तेलाने धूळ धरली, तिचा चिकटा झाला, आर्म मागे रेंगाळला. परिणामी सुई खाचेच्या बाहेरच्या भिंतीवर दाबली गेली आणि डावा ध्वनी जिच्यात कोरलेला असतो त्या आतल्या भिंतीवरची तिची पकड सुटली.

म्हणून तेलाची कुपी उघडण्याआधी परीक्षा करावी. सुईवर टोपण घालावे, आर्मला किंचित बाहेरच्या बाजूस ओढणारे अँटीस्केटिंग शून्यावर आणावे, मागचे वजन फिरवून आर्म अधांतरी तोलावा आणि हलकी फुंकर घालावी: तो कुठेही न अडखळता तरंगत गेला, तर बेअरिंगला हात लावण्याचे प्रयोजन नाही. अडखळला, तर घड्याळाच्या कामात मुरलेल्या कारागिराकडेच द्यावा, कारण आतले छर्रे अतिसूक्ष्म आणि आर्ममधून जाणाऱ्या तारा केसासारख्या असतात. तो छर्रे धुऊन, लागलेच तर सुईच्या अग्रावर मावेल इतके घड्याळाचे तेल देईल. एकाच टोकावर तोललेल्या काही आर्मांच्या वाटीत दाट सिलिकॉन असते. ती कंपने शमविण्याची तजवीज आहे, तिला वंगण समजू नये.

माझा आर्म दुरुस्त झाला. भुपाच्या शेवटच्या आवर्तनांतली डावीकडची खरखर मात्र गेली नाही. दसऱ्याला हत्यारे पुसताना मी आता फुंकरीची परीक्षा घेतो, आणि कुपी केवळ दांड्यासाठी उघडतो.