दगडाचं खत, खताचा दगड: गोडी छाटणीआधीचा बेसल डोस

गोडी छाटणी तोंडावर आली की नाशिकच्या गंगापूर रोडच्या पट्ट्यात, गिरणारे-दुगावपर्यंत, द्राक्षबागांच्या बांधावर सुपर फॉस्फेटच्या गोण्या उतरू लागतात. एकरी किती गोण्या, यावर चर्चा रंगते. कुठे आणि कशात मिसळून टाकायच्या, ते मात्र मजुरांवर सोपवलं जातं. स्फुरद वाया जातो तो तिथं.

रॉक फॉस्फेट म्हणजे दगडच. थोडा उदयपूरजवळच्या झामरकोट्याचा, बराचसा मोरोक्को, जॉर्डन, इजिप्तहून येणारा. त्यातला स्फुरद कॅल्शियमने इतका आवळलेला असतो की पाण्यात सुटत नाही. इंग्लंडात जॉन लॉज यांनी 1842 साली या दगडावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून सुपर फॉस्फेट करण्याचं पेटंट घेतलं. रीत आजही तीच. आम्ल बरंचसं कॅल्शियम ओढून घेतं, त्याचं जिप्सम होतं आणि स्फुरद विरघळण्याजोगा होतो. जिप्सम गोणीतच राहतं, म्हणून 50 किलोत स्फुरद जेमतेम 8 किलो. पण साडेपाच किलो गंधकही मिळतो, हे कुणी मोजत नाही. डीएपी करताना जिप्सम गाळून आधी फॉस्फरिक अ‍ॅसिड काढतात, मग त्यात अमोनिया सोडतात. त्या गोणीत स्फुरद 23 किलो, गंधक नावापुरता.

आता आपली माती. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे थेंब टाका. फसफसली, तर चुनखडी आहे. अशा जमिनीत कारखान्याने सोडवलेला स्फुरद कॅल्शियम पुन्हा धरतं आणि हळूहळू दगडाच्याच वाटेला लावतं. खत पसरून टाकलं तर मातीच्या कणाकणाशी गाठ पडून हे लवकर होतं. म्हणून बोदात चारी घ्या, सुपर फॉस्फेट कुजलेल्या शेणखतात कालवून पांढऱ्या मुळीजवळ द्या आणि मातीने झाका. नुसती रॉक फॉस्फेटची भुकटी स्वस्त पडते, पण ती कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीची. आपल्याकडे पडून राहील.

माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघाला तर बेसलमधला हात आखडता घ्या. जास्तीचा स्फुरद जस्त आणि लोह अडवतो, मग पिवळ्या पानांवर फवारण्यांचा खर्च. ड्रीपमधून फॉस्फरिक अ‍ॅसिड देताना अ‍ॅसिड पाण्यात ओता, पाणी अ‍ॅसिडात नाही. आणि त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट टाकू नका: पांढरा साका बसतो, ड्रीपर तुंबतात.